तळमजल्यावरची हजेरी

माझ्या हातात शिट्टी देणं ही शाळेची घोडचूक होती, असं माझ्या मावशीचं ठाम मत आहे. ती मला 'भोंगा' म्हणते. आणि खरं सांगू का, मला ते जाम आवडतं! कारण मागच्या वर्षापर्यंत वर्गात कुणी माझं नाव विचारलं तरी मी मदतीसाठी शेजारणीकडे बघायचे. मग शाळेत आपत्ती पथक निघालं, ज्या मुलीला प्रमुख करायचं होतं तिला नेमक्या कांजिण्या झाल्या, आणि बाईंची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन अडकली. मी पहिल्यांदा शिट्टी फुंकली तेव्हा अख्खं मैदान खाली बसलं. फुटबॉलवाल्या दादांसकट! माझ्यात एवढी हवा आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही लोकांच्या घरी जाऊन शिकवतो. टॉर्च कुठे ठेवायचा, त्यात सेल आहेत का (नसतातच, ते टीव्हीच्या रिमोटमध्ये गेलेले असतात), आजीला कोण धरणार, गॅस कोण बंद करणार. मोठ्या माणसांना वाटतं हे सगळं आपल्याला येतं. मग मी हळूच विचारते, "घराचं मुख्य वीजबटण कुठे आहे?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. अहाहा!

मग सराव. एक लांब शिट्टी वाजली की टेबलाखाली शिरायचं, एका हाताने टेबलाचा पाय धरायचा, दुसरा मानेवर. दोन छोट्या वाजल्या की बाहेर येऊन रांगेने अंगणात. तिथे मोजणी. एक जरी कमी भरला तरी सराव संपत नाही. आणि सगळ्यात शेवटी सोपवणी. गोंधळात लहान मूल भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून ही पद्धत आहे. मोठ्या माणसाने म्हणायचं, हा माझा अमुक. मुलाने म्हणायचं, ही माझी तमुक. दोन्हीकडून आलं तरच पथकाने मुलाच्या खांद्यावरचा आपला हात काढायचा. एकाच बाजूने आलं तर नाही.

मावशीची इमारत जुनी आहे. ती पहिल्या मजल्यावर राहते, घरीच शिवणकाम करते, गणवेश आणि पडदे. तिच्या मुलीचे, म्हणजे चिंगीचे, बाबा नोकरीसाठी लांब असतात, त्यामुळे घरात मावशी, चिंगी आणि कापडाच्या चिंध्या. कापड बेतायचं तिचं टेबल एवढं दणकट आहे की मी ते बघूनच ठरवलं, पहिला सराव इथे.

मी लांब शिट्टी वाजवली. चिंगी खारीसारखी टेबलाखाली गेली. मावशी तोंडात टाचण्या धरून जागच्या जागी.

"मावशी, खाली!"

"उंहूं," ती टाचण्यांमधून म्हणाली. "माप बिघडेल."

"भूकंपाला सांग की तसं."

"तुला घाबरून येणारच नाही तो."

मी दोन छोट्या वाजवल्या. मावशी हलली नव्हतीच, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता. पण चिंगीही बाहेर आली नाही.

"चिंगे, झालं. ये बाहेर."

"नाही झालं."

"अगं, दोन वाजवल्या ना मी."

"तू वाजवल्यास," चिंगी टेबलाखालून शांतपणे म्हणाली. "बाईंनी कुठे वाजवल्या?"

मावशी हसली, मीही हसले. शेवटी बिस्किटाच्या पुड्याचा आवाज केला तेव्हा चिंगी बाहेर आली. घरी जाताना माझ्या डोक्यात आलं, चिंगी तिच्या बालवाडीतल्या बाईंना टीचर म्हणते. मग या बाई कोण?

त्या आठवड्यात मावशीचे फोनवर फोन. आधी चिडून. "भोंगे, तुझं ते खूळ उतरव हिच्या डोक्यातून! दुपार झाली की जाऊन बसते खाली." मग जरा वेगळ्या आवाजात. आणि शुक्रवारी इतक्या हळू बोलली की मला वाटलं फोनच बिघडला. "कालपासून खाल्लं नाहीये तिने. डॉक्टर म्हणाले ताप नाही, काही नाही. बाहेर ओढून काढली तर लाकडासारखी होते गं. डोळे उघडे असतात, पण माझ्याकडे बघतच नाही. मग आपली आपण परत जाते. तू ये."

शनिवारी शाळा सुटल्यावर दप्तरासकट गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. मी चिंगीशेजारी टेबलाखाली सरपटत शिरले. चिंगीचा एक हात टेबलाच्या पायाला, दुसरा मानेवर. अगदी बिनचूक. माझ्या पथकात एवढं बिनचूक कुणीच करत नाही. मी तिच्या हाताला हात लावला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा गार.

"चिंगे, कशाची वाट बघतेयस?"

"एक मुलगा कमी आहे," ती कुजबुजली. "मोजणी जुळत नाही. तो सापडला की संपणार."

"कोण शोधतंय त्याला?"

तिने मानेवरचा हात काढला, फरशीवर बोट टेकवलं, आणि हात पुन्हा मानेवर ठेवला.

मी कान फरशीला लावला. आधी नुसती फ्रीजची घरघर. मग ती मागे पडली आणि शांतता ऐकू आली. शांतता ऐकू येत नाही हे मलाही माहीत आहे. पण बाई दाराशी आल्या की वर्ग कसा चिडीचूप होतो? रिकाम्या वर्गाची शांतता वेगळी आणि भरलेल्या वर्गाची वेगळी. ही भरलेली होती. खाली खूप जण श्वास रोखून बसले होते. कुणीतरी नाक ओढलं. कुणीतरी "शूऽऽ" केलं. मग शिट्टी वाजली, एकच, लांब, पाण्याखालून आल्यासारखी, आणि माझ्या नाकात खडूचा आणि जळक्याचा वास शिरला.

मी बाहेर आले. बोलायला तोंड उघडलं तर मागच्या वर्षीचा आवाज निघाला.

"मावशी... आपल्या खाली कोण राहतं?"

"खाली कोण राहणार? सायकली."

तळमजल्यावर एक मोठी खोली आहे, तिथे सगळ्या इमारतीच्या सायकली असतात. किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. ते समोरच्याच दारात राहतात, एकटे. साठीच्या पुढचे. मावशीचं आणि त्यांचं पाण्याच्या मोटरवरून रोजचं भांडण. त्यांची स्वतःची सायकल मात्र बाहेर उन्हापावसात गंजत असते, आणि त्यावरून मावशी त्यांना येताजाता टोमणे मारते.

मावशीने त्यांचं दार वाजवलं.

"मोटर लावली आहे," काका दार उघडता उघडताच म्हणाले.

"मोटर राहू द्या. खालच्या खोलीत आधी काय होतं?"

"गोदाम."

"त्याच्या आधी?"

"तुम्हाला काय करायचंय?"

मग मीच पुढे झाले. "काका, चिंगी म्हणतेय, एक मुलगा कमी आहे. त्याच्यामुळे मोजणी जुळत नाहीये."

काकांचा हात दारावरून घसरला. ते तिथल्या चपलांच्या स्टँडवरच बसले. मावशी त्यांच्यासाठी पाणी आणायला धावली, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"शाळा होती," पाणी पिऊन ते म्हणाले. "छोटी. एकाच खोलीत सगळे. मी याच घरात वाढलो, जिना उतरलं की शाळा. बाईंना तुझ्यासारखीच हौस. शिट्टी वाजली की बाकाखाली. दुसरी शिट्टी होईपर्यंत कुणी कितीही हाका मारो, हलायचं नाही. आम्ही फार शहाणी मुलं होतो गं. कुणी हलायचं नाही. त्या दिवशी मला लागली होती. बाईंना विचारणार, तेवढ्यात शिट्टी झाली. मग मी गुपचूप मागच्या दाराने..."

"लघवीला," मावशी म्हणाली.

"हो. आणि मागच्या कोठीतून धूर आला. सराव भूकंपाचा, आला धूर. मुलांना वाटलं, हाही सरावातलाच. बाई मोजत होत्या, एक कमी. मला शोधायला कोठीच्या बाजूला गेल्या. शिट्टी त्यांच्या गळ्यात. दुसरी कोण वाजवणार?"

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायला उरलं होतं काय?

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी बाहेरून वर पळालो. आईने विचारलं, सुटली का शाळा? मी म्हटलं, हो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाई अजून मोजतायत! मोजणी जुळल्याशिवाय त्या दुसरी शिट्टी वाजवणार नाहीत. मीसुद्धा वाजवली नसती. मी इथे येऊन लांब शिट्टी फुंकली, खाली सगळे पुन्हा वाट बघत बसले, आणि चिंगी त्यांच्यात जाऊन बसली.

"काका, तुम्हाला खाली येऊन हजेरी द्यावी लागेल."

"वेड लागलंय का? त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. सायकल बाहेर का ठेवतो मी? हौस म्हणून?"

"तुम्ही लहान होतात हो. लघवीला जाणं हा काय गुन्हा आहे?" मी म्हणाले.

"येणार नाही."

मावशी भांडली नाही. तिने फक्त आपल्या घराचं दार सताड उघडलं. समोर टेबल दिसत होतं, आणि त्याखाली चिंगी. दोन दिवसांत तिची हनुवटी टोकदार झाली होती. तिने मान वळवून काकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने कुणाकडे तरी पाहिलं असेल.

"हाच," चिंगी म्हणाली.

काका उठले आणि खुंटीवरची किल्ली काढली.

मावशी चिंगीपाशी थांबली. मी आणि काका खाली गेलो. काकांनी कुलूप काढलं, मी दार ढकललं. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आत सायकलींच्या रांगा, लहान मोठ्या, एकमेकींना टेकलेल्या. भिंतीचा पांढरा रंग वरच्या बाजूला पिवळट, आणि त्याच्याही आतून काळा. इतकी थंडी की माझ्या तोंडातून वाफ निघाली. उन्हाळ्यात!

"मी इथे दारात आहे," मी म्हणाले. "कुठेही जाणार नाही."

काका आत गेले. बाकं तर नव्हतीच. ते दोन सायकलींच्या मध्ये वाकले, गुडघे कटकट वाजले, आणि एवढा मोठा माणूस उकिडवा बसला. एका हाताने स्टँड धरला, दुसरा मानेवर ठेवला.

"हजर, बाई," ते म्हणाले.

काहीच झालं नाही.

"हजर," त्यांचा आवाज फाटला. "लघवीला गेलो होतो, बाई. न विचारता. घरी गेलो तिकडून."

खोलीने श्वास सोडला. मला दुसरं काही म्हणता येत नाही. खूप जणांनी फार वेळ धरून ठेवलेला श्वास एकदम सोडावा तसं. मी शिट्टी तोंडाला लावली, आता माझं काम, असं वाटून. मी फुंकायच्या आधीच दोन छोट्या शिट्ट्या झाल्या. आतून.

अगदी मागच्या कोपऱ्यातल्या सायकलीची घंटी किणकिणली. मग तिच्या पुढची. मग आणखी पुढची. कुणीतरी रांगेने येत होतं आणि येता येता हँडलना घासत होतं. माझ्या कमरेच्या उंचीवरून गार वारा जायला लागला. एक झुळूक, जरा जागा, पुन्हा झुळूक. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी मुलं जशी अंतर राखतात, तसं. मी दाराला पाठ चिकटवून उभी. काका उठले, त्यांनीही हात पुढे धरला, हवेत, खूप खाली, आणि रांगेतून माझ्यासमोरून निघून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जिन्यावर मावशीची किंकाळी. चिंगी टेबलाखालून निघून सरळ खाली आली होती. हात तसाच पुढे, डोळे समोर. काकांच्या मागे जाऊन ती रांगेला लागली. मागून मावशी, गळ्यात मापाची टेप.

"धरू नकोस!" मी ओरडले. "ओढलंस तर तशीच राहील. अजून सोपवणी व्हायचीये!"

मागच्या अंगणात कपडे वाळत होते. रांग तिथे थांबली. म्हणजे काका आणि चिंगी थांबले, त्यावरून मला कळलं. वारा अजिबात नव्हता. तरी दोरीवरची पहिली चादर कुणी बाजूला सारावी तशी उचलली गेली आणि पडली. मग दुसरी. मग एक टॉवेल. प्रत्येक वेळी अंगणातला गारवा जरासा कमी व्हायचा. त्यांची माणसं येत होती. चादरींच्या पलीकडून येऊन एकेकाला घेऊन जात होती.

शेवटी कपडे हलायचे थांबले आणि दोघंच उरली. चिंगीच्या फ्रॉकचा खांदा दबलेला होता. काकांच्या शर्टाचाही. कापड चार बोटांच्या आकारात चुरगळलं होतं आणि ती बोटं घट्ट होती.

मी छाती पुढे काढली. "ही माझी मावसबहीण!"

बोटं हलली नाहीत. बरोबरच होतं. मीसुद्धा नववीतल्या पोरीच्या हाती मूल दिलं नसतं.

"मावशी, तू म्हण!"

मावशी एक पाऊल पुढे आली. "ही माझी मुलगी आहे. माझी चिंगी."

आता चिंगीने म्हणायचं. चिंगीने मावशीकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं, अगदी शहाण्या मुलीसारखं.

"माझी आई यायचीये अजून," ती म्हणाली.

मावशी मटकन खाली बसली. मी काय करणार होते? पथकात हे शिकवत नाहीत. मूल ओळखत नसेल तर द्यायचं नाही, एवढंच शिकवतात, आणि बाई नियमाने चालल्या होत्या. चिंगीच्या खांद्यावरची बोटं जरा पुढे सरकली, चला म्हटल्यासारखी. चिंगीने चादरींच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"कुठे निघालीस?" मावशी एकदम खेकसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज रोजचाच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "अनवाणी! एवढ्या तापल्या फरशीवर! चपला घालायला काय होतं तुला? आणि ते नाक बघ. ते कोण पुसणार, मी? दहादा सांगितलं, बाहेर जायचं तर आधी नाक पूस, मग चपला, मग बाहेर!"

चिंगीने पाय बघितले. आपले, मग मावशीचे. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली.

"पण आई, तू पण अनवाणीच आलीस," ती म्हणाली.

फ्रॉकचा खांदा हळूच फुगून वर आला. चुण्या उरल्या, बोटं नाही. मावशीने झडप घातली, आणि चिंगी तिच्या मांडीत अशी काही रडायला लागली की मला कळलं, आता ही जेवणार.

काका मात्र तिथेच होते.

"काका, चला," मी म्हणाले.

"माझी आई तर केव्हाच गेली," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण खूप लहान. "मला कोण नेणार? बाई म्हणतात, माझ्याबरोबर चल."

आणि सगळ्यात भीतीचं काय होतं सांगू? ते घाबरलेले नव्हते. जिना चढून दमल्यावर कुणी खुर्ची पुढे केली तर वाटेल, तसं त्यांना वाटत होतं. त्यांनी चादरीला हात लावला.

"अहो, कुठे चाललात?" मावशी चिंगीला कडेवर घेऊन उठली. मग काकांच्या खांद्याच्या मागे बघत, शाळेत पालक बोलतात तशी अदबीने म्हणाली, "हे आमचे आहेत हो, बाई. आमच्या मजल्यावरचे. हे माझे..." ती अडली. "मोठे भाऊ समजा. पण आमचेच."

खांद्यावरची बोटं तशीच होती. दुसऱ्या बाजूने यायला हवं होतं.

काकांनी मावशीकडे पाहिलं. खूप वेळ. गळ्यातली टेप, कडेवरची रडवेली पोर, अनवाणी पाय. मला ओरडावंसं वाटत होतं, बोला ना, काहीतरी बोला! पण मी गप्प राहिले. सोपवणीत तिसऱ्याने बोलायचं नसतं.

"ही," काका हळूहळू म्हणाले, "ही माझी भांडखोर शेजारीण आहे. हिला माझ्याशिवाय कुणी सहन करत नाही."

अंगणात सगळीकडे एकदम ऊन लागलं. काका वाकून आपल्या गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले आणि मोठ्या माणसासारखे खोकायला लागले. त्यांचा शर्ट पाठीला घामाने चिकटला.

"बहीण म्हणायला काय जात होतं?" मावशी म्हणाली.

"खोटं चालत नाही तिथे," काका म्हणाले.

चिंगीने मावशीच्या खांद्यावरून डोकं वर काढलं, आणि आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, दोरीवरच्या चादरींच्या पलीकडे, कुणाला तरी हात हलवून टाटा केला.